आठशेचं तोंड : दुरुस्तीच्या नोंदी

रविवार, १४ जानेवारी २०२४

काकांची मारुती ८०० काल टेम्पोवर घालून घरामागच्या शेडमध्ये आणली. २००५ची, एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनचं) इंजिन, एसी नसलेलं स्टँडर्ड मॉडेल, रंग पांढरा. शुक्रवारी रात्री सांगली–इस्लामपूर रस्त्यावर आष्ट्याच्या अलीकडे उसाची भरलेली ट्रॉली रस्त्यातच उभी होती. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. समोरून ट्रक येत होता म्हणून काकांनी ब्रेक दाबत गाडी डावीकडे घातली, तरी उजवा कोपरा ट्रॉलीच्या मागच्या लोखंडी चॅनेलखाली गेलाच. पट्टा लावलेला होता. खांद्यावर त्याचा वळ आहे, बाकी काका धडधाकट.

वरवर जे दिसतं ते असं. बोनेट मधोमध दुमडलंय आणि उजवीकडून मागे सरकलंय. त्याचा मागचा कोपरा काचेवर आदळल्यामुळे काचेला खालून तडा गेलाय. उजवी हेडलाइट फुटली, जाळीचे तुकडे झाले, फ्रंट पॅनेलची वरची पट्टी उजव्या टोकाला आत दबली, रेडिएटर फॅनवर टेकला. एवढं होऊनही बंपरवर जेमतेम ओरखडे.

ट्रॉलीखाली गेलेल्या गाडीची हीच खूण. ट्रकला मागे खाली आडवा बार असतो, तो निदान बंपरला भिडतो. उसाच्या ट्रॉलीचं चॅनेल आठशेच्या बोनेटच्या उंचीला येतं आणि खाली मोकळी जागा. त्यामुळे धक्का घ्यायला असलेला भाग तसाच राहतो आणि वरचा नाजूक पत्रा सगळं सोसतो.

आज एवढंच केलं: बॅटरीचं निगेटिव्ह काढलं, उरलेलं कूलंट डब्यात उतरवलं, ब्रेक ऑइलची पातळी पाहिली (ठीक आहे) आणि चारही बाजूंनी टेप धरून फोटो काढले. फॅन मोकळा होईपर्यंत इंजिनला हात लावायचा नाही. काका दोनदा म्हणाले, "एकदा चालू करून बघ की रे." नाही म्हटलं. या गाडीत एअरबॅग नाहीत, तेवढी एक काळजी कमी. असत्या तर बॅटरी काढल्यावरही त्यांच्या पिवळ्या कनेक्टरांजवळ इतक्यात गेलो नसतो.

मंगळवार, १६ जानेवारी

पैशांचं बोलणं. विमा फक्त थर्ड पार्टी, म्हणजे खर्च सगळा खिशातून. काकांना वाटतंय फुल इन्शुरन्स असता तर फुकटात झालं असतं. कागद पुढ्यात घेऊन सांगितलं: दहा वर्षांवरच्या गाडीला साध्या पॉलिसीत पत्र्याच्या पार्टवर ५० टक्के घसारा कापतात, रबर आणि प्लॅस्टिकवरही ५०, रंगाच्या मालावरही ५०. फक्त काचेला घसारा नाही. वर सक्तीचे हजार रुपये आपले. आणि दुरुस्तीचा आकडा आयडीव्हीच्या (विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस. या वयाच्या आठशेची आयडीव्ही केवढी असणार? एक बोनेट, एक पॅनेल आणि रंग धरला की ती रेषा ओलांडलीच.

एका वर्कशॉपला फोनवरून विचारलं होतं. गाडी न बघताच "स्क्रॅपला घाला" म्हणाले. स्क्रॅपला घालायची की नाही हे बोनेट बघून ठरत नाही, चासी (गाडीचा खालचा सांगाडा) बघून ठरतं. चासी सरळ असेल तर ही गाडी करायची, नसेल तर मीच काकांना नको म्हणणार. आरसीचं नूतनीकरण २०२० मध्ये झालंय, ते पुढच्या वर्षी संपतं. त्या वेळी गाडी आरटीओत तपासणीला उभी करावी लागेल, म्हणजे नुसती रंगवून भागणार नाही.

शनिवार, २० जानेवारी

खोलायला घेतली. बोनेट काढलं, उजवी बिजागरी वाकलेली, डावी ठीक. जाळी, दोन्ही हेडलाइट, बंपर, दोन्ही फेंडर उतरवले. रेडिएटरच्या जाळीत फॅनच्या पात्यांनी अर्धा गोल कोरलाय. रेडिएटर दुरुस्त करता येईल असं एक जण म्हणाला, पण नवाच घालणार.

उजवा फेंडर गेला. डावा वाचेल असं वाटत होतं, पण त्यावर चुंबक फिरवलं तर मधल्या भागात चिकटेना. खाली जुनी लांबी (खड्डे भरायची पुटी) आहे, बरीच जाड. पूर्वी कधीतरी कुणीतरी ठोकून भरलेली. काकांना आठवत नाही. गाडी त्यांनी सेकंडहँड घेतली होती.

एप्रनचा (इंजिन आणि चाक यांच्यामधल्या आतल्या पत्र्याचा) उजवा वरचा काठ फ्रंट पॅनेलच्या सांध्याजवळ सुरकुतलाय. त्या सांध्यावरच्या सीलंटला चीर गेलीय, रंगाचे पापुद्रे निघालेत. शॉकॲब्सॉर्बरच्या टॉवरजवळचं सीलंट मात्र अखंड आहे. सीलंट आणि रंग हे पत्र्याआधी बोलतात, म्हणून प्रत्येक सांधा टॉर्च लावून पाहिला. उजव्या बाजूला टॉवरच्या मागे काही नाही. छप्पर, दाराच्या फटी, दार उघडता-लावताना घासणं, सगळं ठीक.

संध्याकाळी चाकं काढली. डाव्या पुढच्या रिमची आतली कड चेपलेली निघाली. मार उजवीकडे आणि रिम डावीकडची? काकांना विचारलं. म्हणाले, "अरे, डावं चाक डांबरावरून खाली गेलं होतं. खड्डाच होता साइडपट्टीला. वर येताना दणका बसला." हे पहिल्या दिवशी सांगितलं नव्हतं. पुढे ट्रॉली असताना साइडपट्टी कुणाच्या लक्षात राहते?

रविवार, २१ जानेवारी

आजचा दिवस मापांचा, आणि या सगळ्या कामात मला महत्त्वाचा वाटतो तो हाच.

ट्रॅम गेज (दोन बिंदूंमधलं अंतर मोजायची, टोकं असलेली सरकती पट्टी) बाजारात मिळतं, पण महाग. ॲल्युमिनियमच्या एकात एक सरकणाऱ्या दोन चौकोनी नळ्या आणि कुपवाड एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडून कातून आणलेली दोन टोकं, एवढ्यात काम झालं. मधे रेडिएटर किंवा इंजिन आडवं आलं की सरळ टेप वाकते, माप खोटं येतं. गेजची टोकं अडथळ्यावरून उडी मारून भोकांत बसतात.

गल्लीतल्या एका शिक्षकांकडे अशीच, कधी न ठोकलेली ८०० आहे. चहाच्या बदल्यात तासभर मागून आणली आणि सगळी मापं आधी तिच्यावर घेतली. दोन्ही कर्ण तिच्यात एक-दोन मिलिमीटरच्या आत जुळले, म्हणजे गेज आणि घेणारा हात दोन्ही बरोबर.

मग आपली गाडी. वरचे कर्ण, म्हणजे एका टॉवरच्या नटापासून समोरच्या विरुद्ध कोपऱ्यापर्यंत: फरक २३ मिलिमीटर. अपेक्षितच होतं, उजवा कोपरा मागे आणि थोडा आत गेलाय. टॉवर ते टॉवर: २ मिलिमीटर. खालून चासीच्या लेगांचे (पुढे जाणाऱ्या दोन तुळयांचे) कर्ण: ३ मिलिमीटर. तीनपर्यंतचा फरक चालतो. म्हणजे गाडी वाचली. काकांना लगेच फोन केला.

फोन ठेवल्यावर रिमची कड पुन्हा डोळ्यासमोर आली, म्हणून व्हीलबेसही, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, मोजला. चाकं बसवली, स्टिअरिंग सरळ केलं, प्रत्येक हबच्या मध्यावरून ओळंबा सोडून फरशीवर खडूची खूण केली, गाडी बाजूला ढकलली आणि खुणा मोजल्या. उजवीकडे २१७५. कंपनीचा आकडाही २१७५च. डावीकडे २१६६.

नऊ मिलिमीटर डोळ्याला दिसत नाहीत. चाक कमानीत किंचित मागे आहे हे कळल्यावर दिसतं, आधी नाही. पण चाकाला खालून धरणारा बॉल जॉइंट नऊ मिलिमीटर मागे आणि स्ट्रटचं (शॉकॲब्सॉर्बरचं) वरचं टोक जागच्या जागी, म्हणजे त्या चाकाचा कास्टर (बाजूनं बघितलं तर चाक वळण्याच्या अक्षाचा मागे झुकाव) साधारण पाऊण-एक अंशानं कमी झाला. कास्टर ज्या बाजूला कमी, गाडी त्या बाजूला ओढते. पत्रा सरळ करून, रंगवून, चकाचक करून दिली असती तर गाडी रस्त्यावर डावीकडे ओढत राहिली असती, आणि मग टायर बदला, हवा बघा, अलाइनमेंट पुन्हा करा, हे चक्र चालू. अशा गाड्या मी पाहिल्यात. अलाइनमेंटवाला या गाडीत फक्त टो (वरून बघितलं तर चाकं आत-बाहेर किती वळलेली) फिरवू शकतो. कास्टरला फिरवायला त्याच्या हातात नटच नाही.

बुधवार, २४ जानेवारी

नऊ मिलिमीटर गेले कुठे, हे शोधायला डावी बाजू खोलली.

आठशेत स्टॅबिलायझर बार नुसता गाडीचं कलणं आवरत नाही. लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून धरणारा दांडा, चासीला आतल्या टोकाशी एकाच बोल्टवर टांगलेला. त्याला मागे-पुढे सरकू न देण्याचं काम हा बारच करतो, म्हणून त्याची दोन्ही टोकं आर्ममध्ये घुसवून नटानं आवळलेली असतात. चाक नेमकं कुठे राहणार हे बार आणि त्याचे पुढचे दोन ब्रॅकेट ठरवतात. स्वस्त, हलकी, हुशार रचना. फक्त चाकाला समोरून दणका बसला की तो थेट या बारात जातो.

बार काढून फरशीवर ठेवला, खडूनं कडेनं रेघ मारली, मग पालथा करून त्याच रेघेवर ठेवला. डावं टोक सहा मिलिमीटर बाहेर. बार वाकलाय. उरलेले तीन ब्रॅकेटखालच्या पत्र्यात असावेत. डाव्या ब्रॅकेटमागचा पत्रा किंचित दबल्यासारखा लागतो बोटाला.

वाकलेला बार तापवून सरळ करून देतो म्हणणारा लगेच मिळाला. स्प्रिंगच्या पोलादाला तापवलं की त्याचा कस जातो. नवा मागवला. दोन्ही लोअर आर्मचे आणि बारचे रबरी बुशही, कारण जुने काढतानाच फाटले.

रविवार, २८ जानेवारी

नवा बार घालून काल पुन्हा ओळंबा सोडला: डावीकडे २१७२. तीनच उरले, म्हणजे हिशेब जुळला.

आज ओढाओढी. डेंटिंगचे मिस्त्री सकाळीच आले. साठीचे आहेत, आयुष्य पत्र्यात गेलंय. मी फ्रंट पॅनेलचे स्पॉट (वेल्डचे ठिपके) ड्रिलनं सोडवायला घेणार तोच त्यांनी हात धरला. "आत्ता कापू नका दादा. पॅनेल कापलं तर एप्रनला धरणार कशाला? तेच आपलं हँडल." शंभर टक्के खरं. चेपलेलं पॅनेल कुरूप असलं तरी ते एप्रनला चारही अंगांनी पकडून असतं. त्यालाच ओढून आधी एप्रन जागेवर आणायचा, मग ते कापून फेकायचं.

गाडी दाराखालच्या वेल्डच्या कडेला क्लॅम्प लावून फरशीतल्या हुकांना बांधली. पुढे शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर आडवा लावून, चाकांमागे दगड ठेवून, त्याला चेन ब्लॉक अडकवला. साखळीवर ओलं पोतं टाकलं. क्लॅम्प सुटला तर साखळी हवेत न उसळता खाली पडते. ओढताना साखळीच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, हे काकांना तीन वेळा सांगावं लागलं.

जो भाग शेवटी चेपला तो आधी सोडवायचा, असा क्रम. थोडं ताणायचं, ताण असतानाच सुरकुतीच्या कडेकडेनं लाकडी ठोकळा ठेवून हातोडीनं ठोकायचं, ताण सोडायचा, मोजायचं. पत्रा परत मागे येतोच, म्हणून हव्या त्या मापापेक्षा थोडं पुढे न्यावं लागतं. २३चे १२, मग ७. इथे मिस्त्रींनी गॅसचा नोझल हातात घेतला. "लाल केलं की लगेच येतंय." येतं, हे मलाही ठाऊक आहे. पण पातळ पत्रा तापून फुगतो, आतल्या बाजूचा रंग आणि अंडरकोट जळतो, आणि पुढच्या पावसाळ्यात तिथूनच गंज सुरू होतो. थोडा वाद झाला. शेवटी गॅस न लावता वरून आणखी एक तिरकी साखळी लावली आणि दुपारनंतर फरक २ वर आला. मिस्त्री म्हणाले, "आलं की. वेळ गेला फक्त." वेळ गेला हे खरं.

डाव्या ब्रॅकेटला जुन्या बोल्टच्या भोकांतून जाड पट्टी बांधून हलकेच पुढे ओढलं. व्हीलबेस २१७४. त्याच्या मागे लागलो नाही आता.

शनिवार–रविवार, ३ व ४ फेब्रुवारी

मारुतीनं ८०० बनवणं जानेवारी २०१४ मध्ये थांबवलं, तरी पत्र्याचे पार्ट अजून मिळतात. प्रश्न दर्जाचा. लोकल फेंडर हातात घेतला की कळतो: पत्रा हलका, भोकं तीन-चार मिलिमीटर इकडेतिकडे, कडेची घडी बोथट. फ्रंट पॅनेल आणि बोनेट ओरिजिनल मिळवलं. उजवा फेंडर लोकलच मिळाला, त्याची दोन भोकं कानसून लांब करावी लागली.

जुनं पॅनेल सोडवताना ड्रिल फक्त वरच्या पत्र्यातून न्यायचं, खालचा एप्रन शाबूत राहिला पाहिजे. मग कडा घासून झिंक प्रायमर मारला, कारण वेल्ड झाल्यावर दोन पत्र्यांच्या मधे ब्रश जात नाही. नवं पॅनेल वाइस ग्रिपनं नुसतं पकडलं आणि त्यावर बोनेट, दोन्ही फेंडर, हेडलाइट, सगळं लटकवून पाहिलं. गेजवर कर्ण जुळत होते, पण बोनेटची फट डावीकडे चार आणि उजवीकडे सात. पॅनेल उजवीकडे किंचित उचललं आणि फट दोन्हीकडे पाच झाली. मगच वेल्डिंग.

बॅटरी पूर्ण बाहेर, ईसीएमचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) कनेक्टर सोडलेला, अर्थ वेल्डच्या शेजारीच. सीओटू वेल्डिंगनं भोकं भरली. एक इथे, पुढचं दुसऱ्या टोकाला, म्हणजे उष्णता एका जागी साठत नाही. मग ग्राइंडर, प्रायमर, सांध्यांवर सीलंट आणि पोकळ भागांत आतून मेणाचा फवारा. हा फवारा दिसत नाही म्हणून बरेच जण मारत नाहीत.

शनिवार, १० फेब्रुवारी

रेडिएटर, होज, थर्मोस्टॅट बसवले. कूलंट भरून, हवा काढून, इंजिन पहिल्यांदा चालू केलं. फॅन वेळेवर सुरू झाला, वेळेवर बंद झाला.

काच. या गाडीची काच चिकटवलेली नसून रबरात बसते. नव्या रबराच्या खाचेत सुतळी फिरवून घ्यायची, साबणाचं पाणी लावायचं, एकानं बाहेरून तळहातानं दाबायचं आणि दुसऱ्यानं आतून सुतळी हळूहळू ओढायची. रबराचा ओठ पत्र्याच्या कडेवर आपोआप चढतो. बघायला मजा येते. पाइपानं पाणी मारून पाहिलं, गळत नाही.

रविवार, ११ फेब्रुवारी

लांबी. डाव्या फेंडरवरची जुनी लांबी पत्र्यापर्यंत खरवडली. मिस्त्रींनी खालून डॉली (लोखंडी ठोकळा) लावून पत्रा वर आणला. आता जेमतेम एक-दोन मिलिमीटर भरावं लागलं. त्याहून जाड लांबी म्हणजे ठोकण्याचा कंटाळा. ८० नंबरच्या पेपरनं आकार, मग १८०, ३२०. सर्फेसर (रंगाखालचा थर) मारून त्यावर काळ्या रंगाची उडती धूळ दिली आणि ठोकळ्यावर पेपर घेऊन पाण्यात घासलं. जिथे काळं उरतं तिथे खड्डा. तीन ठिकाणी उरलं, पुन्हा भरलं.

रविवार, १८ फेब्रुवारी

रंग. कोड २६यू, सुपीरिअर व्हाइट. डब्यातला पांढरा आणि एकोणीस वर्षं उन्हात उभ्या गाडीचा पांढरा एक नसतात. दुकानदारानं दाराचा तुकडा बघून थेंबभर पिवळा वाढवला. दोन्ही दारांच्या पुढच्या भागावर रंग विरत नेला, म्हणजे फेंडर आणि दार यांच्यामध्ये रेघ दिसत नाही.

शेडमध्ये बूथ कुठला? फरशी ओली केली, वर ताडपत्री, कडेनं जुनी वर्तमानपत्रं. हवेत गारवा होता म्हणून उन्हं वर आल्यावर सुरुवात केली. दोन पॅकचा पीयू रंग, त्याला हार्डनर असतो, तेव्हा चांगला मास्क लावल्याशिवाय गन हातात घ्यायची नाही. बोनेटवर एक डास बसलाच. वाळल्यावर दोन हजारच्या पेपरनं काढला.

शनिवार, २४ फेब्रुवारी

अलाइनमेंट. टो जुळवला. कॅम्बर (समोरून बघितलं तर चाकाचा आत-बाहेर झुकाव) दोन्हीकडे जवळजवळ सारखा, आणि कास्टरचा दोन्ही बाजूंतला फरक ०.२ अंश. मशीनवाल्या पोराला गाडी ठोकलेली होती हे सांगेपर्यंत कळलं नाही. नंतर सांगली–मिरज रस्त्यावर मोकळ्या पट्ट्यात स्टिअरिंग हलकं सोडून पाहिलं. सरळ जाते. ब्रेक दाबल्यावरही.

संध्याकाळी हेडलाइट. भिंतीपासून पाच मीटरवर गाडी, लो बीमची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा पाच सेंटीमीटर खाली. उजवी लाइट लोकल आहे, तिचा स्क्रू थोडा सैल वाटतो, लक्ष ठेवायचं.

खर्चात सगळ्यात मोठा वाटा रंगाचा आणि मिस्त्रींच्या मजुरीचा. त्याखालोखाल बोनेट आणि फ्रंट पॅनेल. नव्या बारचा आणि बुशांचा खर्च काचेपेक्षाही कमी निघाला, आणि बिल वाचताना काकांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं: "हे कशाला बदललं?" फरशीवरची खडूची खूण अजून पुसलेली नव्हती, ती दाखवली.

बाकी राहिलेलं: ५०० किलोमीटरनंतर लोअर आर्म आणि बारचे नट पुन्हा आवळणे. डावी रिम बदलली आहे, जुनी स्टेपनीलाही ठेवायची नाही. जाळीचे दोन क्लिप कमी आहेत. हॉर्नचा आवाज घोगरा येतो, नवा आणायचा.